छोट्या ट्रॅव्हलची ट्रेल सायकल पारखताना

पहिल्यांदा फुल-सस्पेन्शन सायकल, म्हणजे दोन्ही चाकांना धक्के झेलणारी यंत्रणा असलेली, चालवून बघितली, तेव्हा ती मला मुळीच आवडली नव्हती. ट्रॅव्हल, म्हणजे धक्क्यात चाक जितकं वर जाऊ शकतं ते अंतर, मागे १२० मिमी, पुढे १३०. चढावर ताठ, उतारावर हात बधिर, आणि प्रत्येक दगड पाठीच्या मणक्याला कळवल्याशिवाय पुढे जाईना. दुकानदाराला "नको" म्हणून घरी आलो. पुढे तीच सायकल एका मित्राने घेतली. एका रविवारी टेकडीखाली त्याने शॉकमधली, म्हणजे मागचे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यातली, हवा माझ्या वजनाप्रमाणे कमी केली आणि सायकल माझ्या हातात दिली. ती वेगळीच सायकल होती. दुकानात आधी कुणातरी नव्वद किलोच्या गृहस्थांनी ती चालवली होती आणि त्यांच्यासाठी भरलेली हवा तशीच राहिली होती. मी पारखून आलो होतो ती सायकल नव्हती, त्या गृहस्थांची हवा होती.

ही चूक कुठल्याही सायकलीच्या बाबतीत होते, पण छोट्या ट्रॅव्हलच्या सायकलीत ती जास्त महागात पडते. १६० मिमीच्या सायकलीत हवा थोडी इकडेतिकडे झाली तरी सांभाळून घ्यायला जागा असते. १२० मध्ये नसते. त्यामुळे या लेखातला सगळ्यात लांब भाग सायकल चालवण्याचा नाही, चालवण्याआधीच्या अर्ध्या तासाचा आहे.

छोटी ट्रॅव्हल म्हणजे नेमकी किती

मागचं चाक ११० ते १३० मिमी वर जाऊ शकतं आणि पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा काटा, १२० ते १४० मिमी दबतो, अशी ढोबळ हद्द धरा. त्याखाली क्रॉस-कंट्री रेसच्या सायकली, त्यावर १४०-१५० च्या नेहमीच्या ट्रेल सायकली, आणि १६०-१७० ला एन्ड्युरो, म्हणजे मुख्यतः अवघड उतारांसाठीच्या सायकली. सांताक्रूझची टॉलबॉय (मागे १२०, पुढे १३०) आणि ट्रान्झिशनची स्पर (दोन्हीकडे १२०) ही या वर्गातली ओळखीची नावं. एकेकाळी कमी ट्रॅव्हल म्हणजे रेसची चंचल सायकल असंच समीकरण होतं. २०१४ ची कोना प्रोसेस १११ ही ते मोडणाऱ्या सुरुवातीच्या सायकलींपैकी एक. मागे फक्त १११ मिमी, पण फ्रेम लांब आणि बेत उतारावर मजा करण्याचा.

घोळ इथेच आहे. १२० हा आकडा दोन अगदी वेगळ्या सायकलींवर लिहिलेला सापडतो. एक असते रेसची सायकल, जिला थोडा लांब फोर्क लावलाय. दुसरी असते खरीखुरी ट्रेलची फ्रेम, जिने ट्रॅव्हल मुद्दाम कमी ठेवलीय. कॅटलॉगमध्ये दोघींवर "ट्रेल" लिहिलेलं असतं. फरक ओळखायचा असेल तर ट्रॅव्हल सोडून बाकी सगळं बघा: फोर्कचे पाय ३२ मिमीचे आहेत की ३४-३५, टायर २.२५ इंची आहेत की २.४, ब्रेकच्या कॅलिपरमध्ये दोन पिस्टन आहेत की चार, सीट खाली नेणारा ड्रॉपर १०० मिमीचा आहे की १५०-१७० चा. हे चारही जड बाजूला झुकले असतील, तर बनवणाऱ्याच्या मनात उतार होता.

आता थोडा हिशेब. सॅग म्हणजे तुम्ही नुसतं बसल्यावर सस्पेन्शन जितकं दबतं तितकं. १२० मिमीत २८ टक्के सॅग वजा केला की दगडांसाठी उरतात सुमारे ८६ मिमी. १६० मिमीत ३० टक्के वजा केले की उरतात ११२. फरक २६ मिमीचा, अंगठ्याच्या रुंदीहून जरासा जास्त. एवढ्यासाठी किलो-दोन किलो जास्त वजन रोज चढावर न्यायचं का, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या वाटेला विचारायचा.

आधी वाट, मग सायकल

पुण्याच्या टेकड्या घ्या. वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी. ऑफिस सुटल्यावर किंवा उजाडताना तासभर. चढ शे-दोनशे मीटरचा, स्वतःच्या पायांनी चढायचा. वर मुरूम, मधे बेसॉल्टच्या पायऱ्या, गिरिपुष्पाच्या झाडांखाली पालापाचोळा, कडेला बाभूळ. उतार मिनिटांत संपतो. अशा ठिकाणी १६० मिमीची सायकल म्हणजे भाजी आणायला ट्रक काढल्यासारखं आहे. बऱ्याच वाटा वनखात्याच्या हद्दीत आहेत आणि सकाळी तिथे आजी-आजोबा फिरायला येतात, तेव्हा सायकल नेण्याबद्दलचे नियम आधी विचारून घ्या आणि वेग आवरा.

दगड कुठला, यालाही महत्त्व आहे. घाटावरचा बेसॉल्ट एकेक मोठी पायरी देतो. धडका मोजक्या, पण जोरदार. पाचगणीकडे, कोकणात किंवा गोव्यात जांभ्याच्या सड्यावर गेलात तर गणित उलटं: मोठी पायरी क्वचित, पण बारीक खडबड अखंड. पहिल्या ठिकाणी ट्रॅव्हल संपताना सायकल कशी वागते ते कळतं, दुसऱ्या ठिकाणी ट्रॅव्हल सुरू होताना. फक्त एकाच जातीच्या दगडावर चाचणी घेतलीत तर निम्मीच सायकल पाहिलीत असं समजा.

मागच्या दहा राइड आठवा. त्यातल्या सात-आठ स्वतः पेडल मारत चढलेल्या असतील, तर पुढे वाचा. गाडीत सायकल टाकून वर जायचं आणि फक्त उतरायचं, असं जास्त होत असेल तर हा वर्ग तुमचा नाही.

कागदावरचे आकडे

चार आकडे पुरतात. बाकीचे बघितलेत तरी हरकत नाही, पण त्यावरून रात्री जागू नका.

रीच, म्हणजे पेडलच्या धुरीपासून (पेडलचे दांडे, म्हणजे क्रँक, जिच्याभोवती फिरतात ती) हेडट्यूबच्या, म्हणजे फोर्क बसतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या, माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. उभं राहून चालवताना सायकल किती लांब वाटेल ते हा आकडा सांगतो. १७० सेंटिमीटरच्या आसपास उंची असेल तर आजच्या मीडियम मापातला ४४० ते ४५५ मिमीचा रीच बहुधा जुळतो. दोन मापांच्या सीमेवर असाल तर वळणावळणाच्या अरुंद वाटांसाठी लहान माप घ्या, मोकळ्या वेगवान उतारांसाठी मोठं.

हेड अँगल, म्हणजे हेडट्यूबचा जमिनीशी होणारा कोन. ६५ ते ६७ अंश हा या वर्गाचा पट्टा. ६८ च्या पुढे गेलात की रेसच्या वासाची सायकल. पुढे १० मिमी लांब फोर्क लावला की हा कोन साधारण अर्ध्या अंशाने ढळतो, पेडलची धुरी थोडी वर येते आणि रीच काही मिलिमीटरने घटतो. "१२० चा फोर्क काढून १४० चा टाकतो" म्हणणाऱ्याने हे तिन्ही बदल हिशेबात धरावेत.

सीट अँगल, म्हणजे सीटच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन. ७५ ते ७७ अंश चांगला. यात एक मेख आहे. कॅटलॉगमधला आकडा एका ठरावीक उंचीवर मोजलेला असतो, पण सीटची नळी प्रत्यक्षात जास्त तिरकी असते. सीट जितकी वर काढाल तितके तुम्ही मागे जाता. लांब पायांच्या माणसाला कागदावरचे ७६ प्रत्यक्षात ७४ सारखे वाटू शकतात. उपाय एकच: आपल्या उंचीला सीट लावून चढावर बसून बघणे.

पेडलच्या धुरीची जमिनीपासूनची उंची. बहुतेक सायकलींत ती ३३५ ते ३४५ मिमीच्या आसपास असते. खाली असली की वळणावर सायकल रुळावर असल्यासारखी धावते, पण बेसॉल्टच्या पायऱ्यांवर पेडल आपटतं. क्रँक १७५ चा असेल तर १७० किंवा १६५ चा लावून हा त्रास बराच कमी होतो, म्हणून केवळ या आकड्यावरून सायकल नाकारू नका.

सायकल जागेवर उभी असताना

टायर आणि फ्रेममधली फट बघा. कोरड्या दिवसात कुणी याकडे लक्ष देत नाही. पहिल्या पावसानंतर चिकण काळी माती मागच्या चाकाला धरते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दोन्ही बाजूंना करंगळी सहज गेली पाहिजे.

मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, कुठला आहे ते विचारा. स्रॅमने २०१९ मध्ये आणलेला सार्वत्रिक हँगर, म्हणजेच यूडीएच, असेल तर सुटलात, तो बऱ्याच कंपन्यांच्या फ्रेमना चालतो. नसेल तर तो फक्त त्या मॉडेलचाच असणार. आपल्याकडे त्याची वाट बघत महिना जातो. सायकलीबरोबरच दोन हँगर मागून घ्या. शॉकचंही तसंच. १९० बाय ४५ किंवा २१० बाय ५० असं प्रमाणित माप असेल तर पुढे दुसरा शॉक मिळतो. कंपनीने स्वतःचंच काही विचित्र माप काढलं असेल तर त्या शॉकच्या आयुष्याएवढंच फ्रेमचं आयुष्य.

टायर ट्यूबलेस करता येतील का, हा प्रश्न आपल्या मुलखात विचारायचाच नसतो. बाभळीचे काटे आणि सराटे असताना ट्यूब घालून जाणं म्हणजे वाटेत बसून पंक्चर काढायची हौस. रिम ट्यूबलेसची आहे याची खात्री करा, आणि आत घातलेला द्रव आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो, हेही लक्षात ठेवा. दोन-तीन महिन्यांनी बघावाच लागतो.

अर्धा तास हवेसाठी

चाचणीच्या दिवशी सोबत तीन वस्तू न्या: शॉकचा पंप, टायरचा दाब मोजणारं गेज आणि एक छोटी वही. दुकानाच्या पंपावर विसंबू नका. त्याचा काटा कुठल्या जमान्यात अडकलाय ते दुकानदारालाही माहीत नसतं.

राइडला नेता ते सगळं अंगावर चढवा: हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी. माझं वजन ७२, सामानासकट ७६ किलो, म्हणजे सुमारे १६८ पौंड. पौंडातलं वजन तेवढेच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), ही मागच्या एअर शॉकसाठी सुरुवात करायला ठीक असलेली पायरी. सुरुवातच फक्त. प्रत्येक फ्रेमचं जोडकाम वेगळं, त्यामुळे शेवट वेगळाच होतो.

हवा एकदम भरू नका. पन्नासेक पीएसआय भरा, सायकल दहा वेळा खाली दाबा, पुन्हा भरा. शॉकच्या आत एकमेकांविरुद्ध ढकलणारे हवेचे दोन कप्पे असतात, आणि शॉक दाबल्यावरच त्यांचा दाब समान होतो. हे न करता काट्यावर १७० बघून खूश झालात, तर पाच मिनिटांनी सॅग वेगळाच निघेल. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो नळीतल्या हवेचा, शॉकमधल्या नव्हे. उलट पंप पुन्हा लावताना शॉकमधली थोडी हवा नळीत जाते, म्हणून तपासायला पंप लावला आणि आकडा कमी दिसला तर घाबरू नका.

आता सॅग. शॉकचा दांडा किती मिलिमीटर सरकतो, म्हणजे त्याचा स्ट्रोक किती, ते माहीत करून घ्या. १९० बाय ४५ मधले ४५ म्हणजे तेच. त्याचे २८ टक्के काढले की येतात साडेबारा मिमी. शॉक पूर्ण मोकळा ठेवा, भिंतीला कोपर टेकवून सायकलीवर बसा, दोन-तीनदा हलकेच हला, दांड्यावरची रबरी रिंग सीलपर्यंत, म्हणजे दांडा आत शिरतो तिथपर्यंत, ढकला आणि न हिसकता उतरा. पट्टीने मोजा. साडेबाराऐवजी पंधरा आले तर पाच-दहा पीएसआय वाढवा, दहा आले तर कमी करा. या वर्गात मी २५ ते ३० टक्क्यांच्या बाहेर जात नाही. ३० च्या पुढे पेडल आपटायला लागतं, २५ च्या खाली ट्रॅव्हल असून नसल्यासारखी.

फोर्कचा सॅग बसून नाही, उभं राहून मोजायचा: पेडल समांतर, गुडघे-कोपरे किंचित वाकलेले. १३० मिमीला २० टक्के म्हणजे २६ मिमी. दुकानात फोर्क बहुतेक वेळा मऊ आणि शॉक ताठ सापडतो. पुढे बुडणारी आणि मागे उंच राहिलेली सायकल उतारावर माणसाला हँडलवरून फेकायला बघते, आणि आपण म्हणतो, "भूमिती बरोबर नाही हिची."

उन्हात उभ्या गाडीच्या टपावरून सायकल उतरवली असेल तर आधी सावलीत गार होऊ द्या. शॉक २० अंशांवरून ४० वर गेला की १७० पीएसआयचे १८० च्या वर होतात. मार्च ते मे हा फरक पायाला जाणवतो.

रिबाउंड म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत वर यायचा वेग. नॉब घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करा, मग उलटे फिरवत क्लिक मोजा आणि वहीत लिहा. सुरुवात मधोमध. नंतर बसल्या बसल्या फुटपाथच्या कडेवरून खाली उतरा. सायकल एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर रिबाउंड जास्त मोकळा आहे, आणि चिखलात पाय रुतल्यासारखी हळू वर आली तर जास्त आवळलेला. छोट्या ट्रॅव्हलला मी एखादा क्लिक मोकळाच ठेवतो. ओळीने चार दगड आले की प्रत्येक दगडाआधी सायकलीला पुन्हा वर यायला वेळ मिळायला हवा, नाहीतर चौथ्या दगडापर्यंत ती खाली बसलेलीच असते.

टायरची हवा सगळ्यात शेवटी, पण परिणाम सगळ्यात मोठा. ट्यूबलेस २.४ चे टायर आणि माझ्याएवढं वजन असेल तर पुढे २१-२३, मागे २४-२६ पीएसआय. ट्यूब असेल तर तीन-चार जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला जोडभोकं पडतील. दुकानातून सायकल ४० पीएसआयवर बाहेर पडते, कारण तशी ती फरशीवर मस्त पळते. त्या ४० वर कुठलंही सस्पेन्शन वाईटच वाटणार.

सीटची उंची, ब्रेकच्या लिव्हरचा कोन, हँडलचा फिरवलेला कोन हे पाच मिनिटांचं काम आहे. ते टाळू नका. स्टेम, म्हणजे हँडल फोर्कला जोडणारा तुकडा, ३५ ते ५० मिमीचा असावा. ७० चा दिसला तर समजा की बनवणाऱ्याला रेस आठवत होती.

तीच वाट, तीनदा

नवीन सायकल नवीन वाटेवर तपासणं म्हणजे दोन अनोळखी माणसांना एकमेकांविषयी विचारण्यासारखं. डोळे मिटून आठवेल अशी वीसेक मिनिटांची चक्कर निवडा. तिच्यात बसून चढायचा लांब चढ, एक पायऱ्यांचा अवघड चढ, सपाट वळणं, आणि ब्रेक लावत उतरायचा दगडी उतार, एवढं असलं पाहिजे. त्याच सकाळी आधी आपली जुनी सायकल त्यावरून न्या. चालवून महिना झालेल्या सायकलीची आठवण फसवी असते.

पहिल्या चक्करीत काहीही ठरवू नका. हात-पाय सरावायला तेवढा वेळ लागतोच.

दुसऱ्या चक्करीपासून कान उघडा. बसून चढताना शॉक पूर्ण मोकळा ठेवा. चढ सुरू होताना रबरी रिंग सीलला ढकला आणि वर पोचल्यावर बघा. सॅग साडेबारा होता आणि रिंग पंधरा-सोळावर थांबली असेल तर पेडल मारताना सायकल फारशी डोलत नाही. वीसच्या पुढे गेली असेल तर तुमचे पाय शॉक दाबायला खर्च होतायत. लॉकआउट, म्हणजे शॉक दबू न देणारा खटका, लावावा असं किती वेळा वाटलं ते मोजा. माझ्या मते हीच चढाची खरी परीक्षा. चांगल्या छोट्या ट्रॅव्हलच्या सायकलीवर डांबरी रस्ता सोडून लॉकआउटची आठवणच येत नाही. मुरमाच्या चढावर तर लॉक केलेला शॉक उलट घात करतो, मागचं चाक दगडावरून उडतं आणि पकड सुटते.

अवघड चढावर दोन गोष्टी बघा. पुढचं चाक भरकटतं का, आणि पेडल किती वेळा आपटलं. भरकटत असेल तर सीट रुळावरून एक सेंटिमीटर पुढे सरकवून तोच तुकडा पुन्हा चढा. त्यानेही भागलं नाही तर सीट अँगल तुमच्या पायांसाठी नाही. पेडल चार-पाचदा आपटलं तर आधी सॅग तपासा, मग क्रँकची लांबी, आणि मगच सायकलीला दोष द्या.

उतारावर छोट्या ट्रॅव्हलकडून वेगळी अपेक्षा ठेवायची असते. मोठी सायकल दगड गिळते. ही दगड तुम्हाला सांगते, आणि कुठून जायचं ते तुम्ही ठरवता. म्हणून "किती मऊ" हा प्रश्नच विचारू नका. विचारायचं ते असं: धक्का बसल्यावर सायकल ज्या रेषेत होती त्याच रेषेत राहिली का? पायरीवरून उतरताना पुढचा भाग बुडून हेडट्यूब उभी झाल्यासारखी वाटली, की मधेच कुठेतरी आधार मिळाला? हा मधला आधार हेच चांगल्या १२० मिमीचं लक्षण. तो नसेल तर सायकल लगेच तळाला जाते, आणि मग ती १०० ची असली काय नि १४० ची असली काय.

ब्रेक लावल्यावर काय होतं तेही वेगळं बघा. दगडी उतारावर मागचा ब्रेक धरून उतरा, मग तोच तुकडा शक्य तितका ब्रेक सोडून. ब्रेक धरल्यावर मागचं चाक ताठ होऊन उड्या मारत असेल, तर तो त्या फ्रेमच्या जोडकामाचा स्वभाव आहे. हवा बदलून तो फारसा सुधारत नाही. ब्रेकच कमजोर असतील तर ती वेगळी गोष्ट, आणि लोक इथे हमखास गोंधळतात. हात दुखले की दोष सस्पेन्शनला, खरं कारण असतं १६० मिमीचा रोटर (ब्रेकची चकती) आणि सतत आवळून धरलेली बोटं. पुढे २०३ किंवा निदान १८० चा रोटर लावता येतो का ते विचारा. नवे पॅड असतील तर चाचणीआधी मोकळ्या रस्त्यावर वीस-तीसदा वेग कमी करून ते बसवून घ्या.

तिसऱ्या चक्करीत एकच गोष्ट बदला. शॉकमध्ये पाच पीएसआय, किंवा रिबाउंडचे दोन क्लिक, किंवा टायरचे दोन पीएसआय. तिन्ही एकदम बदललेत तर काहीच कळणार नाही. वाटेतल्या सगळ्यात जोरदार धक्क्यानंतर रिंग कुठे आहे ते बघा. १२० मिमीच्या सायकलीने नेहमीच्या राइडमध्ये एखाद-दोनदा तळ गाठावा, ते तिचं कामच आहे. कधीच गाठत नसेल, दहा मिमी शॉक कायम कोरा राहत असेल, तर हवा जास्त आहे. सॅग बरोबर असून पुन्हा पुन्हा धाडकन आपटत असेल तर हवा वाढवू नका, शॉकमध्ये जागा कमी करणारा प्लॅस्टिकचा तुकडा घालता येतो का ते विचारा. त्याने सुरुवातीचा मऊपणा बराचसा तसाच राहतो आणि शेवट घट्ट होतो.

वापरलेली सायकल असेल तर

आपल्याकडे या वर्गातल्या बऱ्याच सायकली दुसऱ्या हातानेच फिरतात, आणि त्यात वाईट काही नाही. मालकाला एकच प्रश्न विचारा: फोर्कचं तेल शेवटचं कधी बदललं? रॉकशॉक्स पन्नास तासांनी फोर्कच्या खालच्या भागाची साफसफाई सांगते. "दोन वर्षं झाली, पण काही त्रास नाही" असं उत्तर आलं तर तो खर्च किमतीतून वजा करा.

सीट धरून मागचं चाक हळूच उचला. उचलण्याआधी किंचित टक असा खेळ जाणवला तर एक बोट शॉकच्या वरच्या जोडावर ठेवा, पुन्हा उचला, मग खालच्या, मग प्रत्येक सांध्यावर. खेळ कुठे आहे ते बोटाला कळतं. शॉकच्या टोकाच्या बुशिंगचा खेळ स्वस्तात जातो. सांध्यांचे बेअरिंग खराब झाले असतील, आणि दोन पावसाळे काढलेल्या सायकलीत ते बहुधा झालेले असतात, तर बेअरिंगच्या सीलवरचा नंबर बघा. ६९०२ किंवा ६८०२ असे हे कारखान्यातल्या यंत्रांचेच प्रमाणित आकडे असतात. बेअरिंगच्या दुकानात मिळतात, फक्त गोळ्या जास्त भरलेला प्रकार सांध्यांसाठी जास्त टिकतो.

फोर्कच्या चकचकीत पायांवरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे आणि सील फाटणार. पायाच्या मागच्या बाजूला रंग उडून वेगळा चमकदार पट्टा दिसला तर वरचा थर झिजलाय, आणि तो महागाचा भाग आहे. मागचा शॉक पूर्ण दाबून सोडा. तो पूर्ण वर न येता अर्ध्यावर अडकून राहिला तर आतलं सील गेलंय.

कार्बनची फ्रेम असेल तर सायकल उलटी करा. खालच्या नळीचा पोटाकडचा भाग आणि पेडलच्या धुरीजवळचा भाग दगडांनी टिपलेला असतो. नाण्याने हलकेच ठोकत जा. टणक टिक-टिक मधे कुठे बद्द झाली तर तिथेच थांबा आणि किमतीबद्दल बोलूच नका. ॲल्युमिनियममध्ये वेल्डिंगच्या कडेला रंगातली केसाएवढी रेघ शोधा. हेडट्यूबच्या मागे आणि सीटच्या नळीच्या गळ्यापाशी ती आधी दिसते.

चेन मोजायचं छोटं गेज खिशात ठेवा. ११ किंवा १२ गिअरच्या चेनमध्ये ०.५ टक्के झीज दाखवली की चेन बदलायची वेळ आली, आणि त्याच्या बऱ्याच पुढे गेली असेल तर कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) बरोबर गेली असं धरा. १२ गिअरची कॅसेट हा या सगळ्या यादीतला खिशाला चटका देणारा भाग आहे.

सायकल परत करण्याआधी वहीत लिहून ठेवा: शॉकचा दाब, फोर्कचा दाब, दोन्हीकडच्या रिबाउंडचे क्लिक, टायरचे दोन आकडे, सीटची उंची. पुढच्या आठवड्यात दुसरी सायकल चालवायला जाल तेव्हा तुलना करायला हेच हातात असेल. आणि शॉकमधली हवा जाताना थोडी काढून ठेवा, म्हणजे पुढे येणारा माणूस निदान पंप तरी मागेल.